वाचकांचे प्रश्न : कार्पेटसाठी स्टीम क्लीनर घ्यावा का?

प्रश्न : बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉनचं कार्पेट आहे आणि झोपायच्या खोलीत लोकरीचा गालिचा. घरात लहान मुलं आहेत, मांजर आहे. स्टीम क्लीनर घ्यायचा विचार आहे, पण दुकानात याच नावाने दोन वेगळी यंत्रं दाखवतात. कोणतं घ्यावं?

उत्तर : निव्वळ कार्पेटसाठी घेणार असाल, तर खऱ्या वाफेचं यंत्र घेऊ नका. त्यात छोटा बॉयलर असतो आणि तोंडातून गरम वाफ बाहेर पडते. फरशीच्या सांध्यांना, ओव्हनच्या चिकटपणाला ती उत्तम. पण बहुतेक घरगुती यंत्रांना शोषण नसतं. वाफेने सुटलेला मळ जायचा कुठे? थोडा ब्रशवर गुंडाळलेल्या फडक्याला लागतो, बाकीचा तंतूंच्या मुळाशी उतरतो. वरून कार्पेट टवटवीत दिसतं, एवढंच.

दुसरं यंत्र म्हणजे कार्पेट वॉशर. यात वाफ नसतेच. एका टाकीतलं साबणाचं गरम पाणी फवारलं जातं, ब्रश ते घोळवतो आणि मोटर मळकं पाणी दुसऱ्या टाकीत ओढून घेते. तुमच्या नायलॉनच्या कार्पेटला हवं ते हेच.

तेही विकत घ्यायच्या आधी व्हॅक्यूम क्लीनरकडे बघा. कार्पेटमधला बहुतेक मळ कोरडाच असतो : माती, वाळू, केस, त्वचेचे कण. फिरता ब्रश असलेला व्हॅक्यूम सावकाश, आधी उभा आणि मग आडवा फिरवला, तर धुण्याची पाळी वर्षातून एकदोनदाच येते. तेवढ्यासाठी यंत्र भाड्याने आणणं शहाणपणाचं. घेतलेलं यंत्र वर्षभर जागा अडवतं. मुलं रोज काही सांडत असतील, तर हातात धरायचं छोटं शोषक यंत्र जास्त उपयोगी पडतं.

वॉशर वापरताना बहुतेकांचं चुकतं ते पाण्यात. खटका दाबून एकदा ओढा, मग खटका सोडून त्याच पट्ट्यावरून दोनतीनदा कोरडं ओढा. तोंडाच्या पारदर्शक झाकणाखाली पाण्याची धार दिसायची थांबली की पुढच्या पट्ट्याकडे वळा. साबण बाटलीवर लिहिलाय त्याहून जास्त नको. शेवटचा हात साध्या पाण्याचा मारा, नाहीतर उरलेला साबण चिकट राहून धूळ धरतो. पाणी नळाचं गरम चालतं, उकळतं नाही; टाकी आणि नळी वाकडी होते. पंखे लावून, खिडक्या उघडून कार्पेट त्याच दिवशी वाळलं पाहिजे. चोवीस तास ओलं राहिलं, तर बुरशीची भीती.

लोकरीचा गालिचा मात्र या सगळ्यातून वगळा. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आले की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात. लोकर गच्च होते, गालिचा आकसतो. पाठीला ताग असेल, तर जास्त ओलीने तपकिरी डाग वर येतात. कोणताही गालिचा घरी धुण्याआधी रंगाची परीक्षा करा : पांढरं फडकं ओलं करून गालिच्याच्या लपलेल्या कोपऱ्यावर दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला, तर घरी धुऊ नका. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकले जाणारे गालिचे बहुधा व्हिस्कोजचे, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांना पाणी आणि वाफ दोन्ही वर्ज्य. लव कायमची बसते.

प्रश्न : मांजर कार्पेटवर मुतते. वाफ मारली तर वास आणि जंतू दोन्ही जातील ना?

उत्तर : वास वाढण्याची शक्यता जास्त. मूत, रक्त, दूध, अंडं यांतली प्रथिनं उष्णतेने धाग्याला घट्ट बसतात, म्हणून असे डाग कायम थंड पाण्यानेच काढायचे. आधी टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमचा, म्हणजे वासाचे घटक तोडणारा क्लीनर मूत जिथवर मुरलंय तिथवर पोचेल इतका ओता आणि बाटलीवर दिलेला वेळ ओलाच राहू द्या. लगेच वाफ मारली, तर उष्णतेने एन्झाइमच निकामी होतं. जंतूंचं म्हणाल, तर वाफेचं तोंड झरझर फिरवून फार काही साधत नाही. तंतूंच्या मुळाशी पोचेपर्यंत वाफ निवते, आणि एका जागी धरून ठेवली तर कार्पेटच खराब होतं. कृत्रिम धाग्यांत पॉलिप्रॉपिलीन यात सर्वांत नाजूक, त्याची लव दबून चपटी होते. धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे मेले, तरी अ‍ॅलर्जी करणारी त्यांची विष्ठा जागेवरच राहते. ती व्हॅक्यूमनेच काढावी लागते.

प्रश्न : चहाचा डाग धुतला की जातो आणि वाळल्यावर पुन्हा दिसतो. साबण बदलू का?

उत्तर : साबणाचा दोष नाही. चहा खालपर्यंत मुरलेला असतो आणि वाळताना ओलीबरोबर तंतूंमधून वर चढतो. डागावर कमीत कमी साधं पाणी मारून जोरात शोषून घ्या. मग पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून वर वजन द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. वर येणारा रंग टॉवेलमध्ये उतरतो. दोनदा करूनही डाग परत आला, तर तो बहुधा कार्पेटखालच्या फोममध्ये आहे. कोपरा उचलून फोमचा तेवढा तुकडा बदलावा लागेल.