नवस, नवेना आणि नऊ बुधवार

प्रश्न असा आहे: दर बुधवारी माहीमला जाणाऱ्या शेजारच्या काकू ‘नवेना फेडायची राहिलीय’ म्हणतात. नवस आणि नवेना एकाच मुळाचे का? आणि नवेना ‘फेडतात’ का?

मूळ एक नाही. नवेना म्हणजे नोव्हेना. लॅटिनमध्ये नऊला ‘नोवेम’ म्हणतात, त्यावरून नऊ दिवस ओळीने करायच्या प्रार्थनेला हे नाव पडलं. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत मरिया आणि शिष्य एकत्र प्रार्थना करत राहिले. हे नऊ दिवस तिथून आले असं मानतात. नवस मात्र ‘नमस्’कडून आलेला धरतात. नाम-नाव, ग्राम-गाव यांत जो ‘म’चा ‘व’ झाला, तोच इथेही. उलट ‘नोवेम’ आणि संस्कृत ‘नवन्’ हे एकाच घराण्यातले. म्हणजे नोव्हेनाचं नातं नवसाशी नाही, नवरात्राशी आहे!

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून ही प्रार्थना दर बुधवारी दिवसभर पुन्हापुन्हा होते. तिथे नऊ दिवसांऐवजी नऊ बुधवार धरायचे असतात. सोळा सोमवार ज्यांच्या कानावरून गेलेत त्यांना ‘नऊ बुधवार’ वेगळं समजावून सांगावं लागत नाही, आणि त्या रांगेत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात.

आता क्रियापद. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. नवस बोलतात, मग देव नवसाला पावतो, मग नवस फेडतात. आधी मागणं, मध्ये ‘झालं तर’, शेवटी देणं. नोव्हेनात हे ‘झालं तर’ नाही. नऊ बुधवार आधीच जायचं, काम होवो न होवो. म्हणून नोव्हेना धरतात, करतात, पूर्ण करतात. फेडायला मागे काही उरत नाही.

मग काकू चुकल्या का? तसं म्हणवत नाही. माहीमला आणि वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चमध्ये, मेणाचे हात, पाय, डोळे, घरं, बाळं वाहतात. (या ‘मोत’चा मोत्याशी संबंध लावतात; मला ते ‘माउंट’चंच कोळी रूप वाटतं.) ज्याचं जे दुखतं ते मेणात. गुडघा बरा झाल्यावर मेणाचा पाय वाहिला, तर ते नवस फेडणंच झालं. काकूंचं मेण राहिलं असेल तर वाक्य बरोबर आहे, फक्त नाम बदलायचं: ‘नवस फेडायचा राहिलाय’. बुधवार राहिले असतील तर ‘नवेना पुरी करायची राहिलीय’.

याच बोलण्यातला आणखी एक शब्दप्रयोग मला फार आवडतो: ‘गुण आला’. औषधाचा येतो, डॉक्टरच्या हाताचा येतो, तसा नवेनाचाही येतो. बरं होणं आणि गुण येणं एक नव्हे. दुखणं आहे तिथेच, पण घरातली चिडचिड थांबली, रात्री झोप लागू लागली, यालाही ‘गुण आला’ म्हणताना मी ऐकलं आहे. चर्चमध्ये आभाराची पत्रं वाचून दाखवतात, त्यांत आजारपणाच्या जोडीला नोकरी, परीक्षा, जागेचा प्रश्न असं सगळं असतं. बायबलमधल्या मूळ ग्रीक शुभवर्तमानातही असंच एक ऐसपैस क्रियापद आहे, ‘सोझो’. बारा वर्षं रक्तस्राव सोसलेल्या बाईला येशू ‘तुझ्या विश्वासाने…’ म्हणतो तेव्हा तेच येतं, आणि पापक्षमा मिळालेल्या बाईलाही तेच. मराठीत त्याचे दोन तुकडे करावे लागतात, बरं करणं आणि तारणं. ‘गुण’ त्या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो, असं माझं मत.

लेखनाबद्दल: छापील मजकुरात ‘नोव्हेना’ लिहावं, स्त्रीलिंगी चालवावं. काकूंच्या तोंडी ‘नवेना’च राहू द्यावी.