रॅकचं माप आतून घ्या

प्रश्न : घरच्याच 10 बाय 12 च्या खोलीत अहिराणी गाण्यांसाठी छोटा स्टुडिओ मांडतोय. प्रीॲम्प, कॉम्प्रेसर, पॉवर ॲम्प अशी आवाजाची पाच-सहा यंत्रं आहेत. ती एकावर एक बसवायचा तयार सांगाडा, म्हणजे रॅक, परवडत नाही. गावातले सुतारकाका म्हणतात, "माप द्या, करून देतो." काय माप देऊ? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : बिनधास्त करून घ्या, पण "19 इंची रॅक" एवढंच सांगून घरी येऊ नका. मी तेच केलं होतं. भुसावळला माझा पहिला रॅक झाला तेव्हा मिस्त्रीनं आतलं माप बरोबर 19 इंच ठेवलं, आणि वर मीच हौसेनं आतून-बाहेरून सनमायका लावायला सांगितला. सनमायका 1 मिमी जाडीचा. दोन्ही बाजूंचे मिळून 2 मिमी गेले, उरले 480.6. यंत्राची पुढची पट्टी दोन्ही कानांसकट (स्क्रूसाठी बाजूंना आलेल्या कडा) 482.6 मिमी. प्रीॲम्प दारातच अडला. आतला सनमायका पटाशीनं खरवडून काढायला अख्खा रविवार गेला. वडील सुतार होते, ते बघून एवढंच म्हणाले, "माप मझारनं लेनं पडस, भाऊ." म्हणजे माप आतलं घ्यावं लागतं.

तेव्हा आतली मोकळी रुंदी 486 मिमी, म्हणजे 19 इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग). आतून सनमायका नको, पॉलिश पुरे. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, 44.45 मिमी. 12 यूचा रॅक धरला तर 21 इंच, त्यातही वर सूतभर ढील ठेवा. रॅकची खोली तुमच्या सगळ्यात लांब यंत्राएवढी, अधिक मागच्या पिनांसाठी चार इंच. प्लायच्या 8 बाय 4 च्या शीटमधून 16 इंचाला थोड्या कमी रुंदीच्या तीन लांब पट्ट्या निघतात, आणि एका पट्टीत 12 यूचा एक सांगाडा बसतो. पॉवर ॲम्प लांब असेल तर हा हिशेब चुकेल, म्हणून आधी तो मोजा.

प्लाय सहा सुताचाच घ्या, पण दुकानदारानं 19 मिमी म्हटलं म्हणून ते 19 असेलच असं नाही. कापण्याआधी व्हर्नियर लावून बघा. पार्टिकल बोर्ड स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघर कूलर लागतो, त्या ओलीनं पार्टिकल बोर्डाच्या कडा पावासारख्या फुगतात आणि स्क्रू सुटतात. पाणी झेलणारा बीडब्ल्यूआर प्लाय घ्या. नुसते खिळे मारू देऊ नका. ॲम्पच्या थरथरीनं ते ढिले होतात. फेव्हिकॉल आणि स्क्रू, तेही आधी बारीक भोक पाडून.

आता यंत्रं स्क्रूनं बसवायच्या भोकांच्या पट्ट्या. यूच्या आत तीन भोकं असतात आणि त्यांची अंतरं सारखी नसतात : 15.9, 15.9, मग पुढच्या यूच्या पहिल्या भोकापर्यंत 12.7 मिमी. आडवं बघितलं तर डाव्या-उजव्या भोकांच्या मध्यांत 465 मिमी. या पट्ट्या शक्यतो तयारच विकत घ्या. वेल्डिंगवाल्याकडून अँगलला भोकं पाडून घेणार असाल, तर प्रत्येक खूण वरच्या टोकापासून मोजा. एका भोकावरून पुढचं मोजत गेलात आणि दर वेळी पाव मिमी चुकलात, तर 12 यूच्या 36 व्या भोकापर्यंत 9 मिमी सरकलेलं असतं. सगळ्यात खालचं यंत्र मग नुसतं लटकतं.

उन्हाळ्याचं काय? जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा यंत्रं एकावर एक रचू नका. पॉवर ॲम्प जड म्हणून तळाला, पण त्याच्या डोक्यावर एक यू रिकामा. मागची बाजू उघडी, आणि रॅक भिंतीपासून वीतभर पुढे. लाइटच्या वायरी एका बाजूनं, आवाजाच्या दुसऱ्या बाजूनं न्या. गुंतल्या की 50 हर्ट्झची गुणगुण आलीच.

प्रश्न : स्पीकर टेबलावर ठेवलेत, बास टेबलासकट घुमतो. काय करू? – एक वाचक, शहादा

उत्तर : टेबलावरून उतरवा. चार इंची चौकोनी लोखंडी पाइपचे दोन स्टँड करून घ्या. खाली रुंद पाया, वर स्पीकरएवढी पत्र्याची पाटी. पोकळ पाइप बासबरोबर वाजतो, म्हणून त्यात वाळू भरा. तीन फुटी पाइपमध्ये चौदा-पंधरा किलो मावते. तुम्हाला तापीची वाळू लांब नाही. बांधकामावरून घमेलंभर मागा, चाळा आणि उन्हात दोन दिवस पसरा. ओली भरलीत तर पाइप आतून गंजेल.

उंची कोणाला विचारू नका. तुमच्या खुर्चीत बसा, घरच्या कोणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत टेप लावायला सांगा. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, तिथे यायला हवा, बहुतेकांचं माप चार फुटांच्या आसपास निघतं. दोन स्पीकरांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत. टेबल 29 इंच उंच आणि हवं तेवढंच मोठं ठेवा. टेबलावर आपटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो.

प्रश्न : भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले तर? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नको. त्यानं बास थांबत नाही, बाहेरचा आवाजही नाही, आणि आग पटकन धरते. कापसाच्या जुन्या गाद्या भिंतीपासून चार इंच सोडून उभ्या करा, फरक ऐकू येईल. वायरिंगपासून मात्र लांब. आणि महिन्यातून एकदा उन्हात घाला. माझ्या एका गादीत उंदरीण व्यायली होती. ते मला हेडफोनमध्ये कळलं, एका गायिकाबाईंचं गाणं रेकॉर्ड करताना.