ब्रेझा की ग्रँड विटारा? पाच माणसं, पुण्यातलं पार्किंग आणि चिपळूणची वाट

तुम्ही दिलेली माहिती अशी : पुण्यात फ्लॅट, घरात पाच माणसं (तुम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची मुलं, गुडघे दुखणाऱ्या आई). महिन्याला साधारण ६०० किलोमीटर, तेही शहरातच. गणपतीत आणि मे महिन्यात चिपळूणला गावी. पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये, ४.७ मीटर लांब. मारुतीची ब्रेझा घ्यावी, की पैसे वाढवून त्याच कंपनीची ग्रँड विटारा?

एवढ्यावर माझं मत ब्रेझा ऑटोमॅटिककडे जातं. का ते सांगतो, आणि कोणती गोष्ट वेगळी असती तर मत बदललं असतं तेही.

आधी मापं. ब्रेझा ३९९५ मिलिमीटर लांब आणि १७९० रुंद. ग्रँड विटारा ४३४५ लांब आणि १७९५ रुंद. म्हणजे लांबीत ३५ सेंटिमीटरचा फरक, रुंदीत फक्त अर्ध्या सेंटिमीटरचा. शोरूममध्ये शेजारीशेजारी उभ्या असल्या की विटारा भलतीच मोठी वाटते, पण मागच्या सीटवर तिघांचे खांदे लागतात ते रुंदीला, आणि तिथे दोघी जवळजवळ सारख्याच. तुमच्या आई, दोन्ही मुलं आणि धाकट्याची बूस्टर सीट (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक) असं मागे बसवलंत तर ब्रेझात जेवढी दाटी होईल तेवढीच विटारात होईल. मागे ऐसपैस बसायला मिळावं एवढ्याचसाठी जास्त पैसे मोजणार असाल तर ते मोजू नका.

वाढलेल्या लांबीचं मग होतं काय? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ब्रेझात २५०० आणि विटारात २६०० मिलिमीटर आहे. हे दहा सेंटिमीटर बहुतांशी मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे मिळतात. उरलेले पंचवीस नाक आणि शेपूट यांत जातात. शिवाय विटाराच्या मागच्या सीटची पाठ थोडी मागे कलवता येते, ब्रेझात ती सोय नाही. सहा-सात तासांच्या प्रवासात आईंच्या पाठीला हा फरक नक्की जाणवेल. विटाराची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच, सनरूफपेक्षा कितीतरी जास्त.

उंचीत मात्र उलट आहे. ब्रेझा १६८५ मिलिमीटर उंच, विटारा १६४५. ब्रेझाचं छत मागेपर्यंत बऱ्यापैकी सरळ जातं. विटाराचं मागे उतरतं, आणि वरच्या मॉडेलमधलं मोठं काचेचं छत आणखी थोडी उंची खातं. घरात कोणी पावणेसहा फुटांच्या वर असेल आणि मागे बसणार असेल तर त्याला विटारात बसवून डोक्यावर किती जागा उरते ते पाहा. गुडघेदुखीच्या माणसासाठी तर चढणं-उतरणं हाच खरा प्रश्न. सीटची कड साधारण त्या व्यक्तीच्या कमरेच्या जरा खाली आली की फार वाकावं लागत नाही आणि उडीही मारावी लागत नाही. आईंना दोन्ही गाड्यांत मागच्या दाराने तीन-चार वेळा बसवा आणि उतरवा. हात कशाला धरतात, डोकं चौकटीला लागतं का, पाय आत घेताना खालच्या पट्टीला अडतो का, हे पाहा. माहितीपत्रकात यातलं काहीही सापडत नाही.

डिकीचे आकडे फसवे आहेत. ब्रेझा ३२८ लिटर, विटारा ३७३ लिटर. फरक ४५ लिटर, म्हणजे विमानात सोबत नेतात तसली ५५ × ३५ × २३ सेंटिमीटरची एक बॅग. पण विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर असलेल्या) मॉडेलमध्ये बॅटरी मागे असल्याने डिकी २६५ लिटरवर येते, म्हणजे ब्रेझापेक्षाही ६३ लिटर कमी. मोठी आणि महागडी गाडी घेऊन आंब्याच्या पेट्या मात्र कमी बसणार, हे बुकिंगनंतर कळलं की मन खट्टू होतं. मे महिन्यात परतताना पेट्या, तांदूळ, नारळ आणि पाच जणांच्या बॅगा असं सामान असेल तर शोरूमला जाताना घरातल्या दोन मोठ्या बॅगा खरोखरच घेऊन जा आणि डिकीचं दार लावून पाहा.

इंजिनाबद्दल बहुतेकांना हे माहीत नसतं : ब्रेझा आणि साधी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड नसलेली, विटारा यांत एकच इंजिन आहे. १४६२ सीसी, चार सिलिंडर, १०३ पीएस, १३७ न्यूटन मीटर. गिअरबॉक्सही तेच, पाच गिअरचं मॅन्युअल किंवा सहा गिअरचं ऑटोमॅटिक. मोठी गाडी घाटात जास्त जोमाने चढेल अशी अपेक्षा साध्या विटाराकडून ठेवू नका. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, ४४०० आरपीएमला मिळतो, त्यामुळे पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन कुंभार्ली किंवा ताम्हिणी चढताना ते फिरवावंच लागतं. मॅन्युअलवाले तिसऱ्या गिअरमध्ये १५००-१८०० वर ओढत राहतात, गाडी कण्हते, आणि मग गाडीत दमच नाही अशी तक्रार होते. वळणाच्या आधीच दुसरा टाका आणि ३००० च्या पुढे जाऊ द्या. आवाज येईल, पण इंजिनाला काही होत नाही. ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा धरून ठेवता येतो. उतरतानाही तेच करा. नुसत्या ब्रेकवर पूर्ण घाट उतरलात तर ब्रेक तापतात, वास येतो आणि पेडल मऊ पडतं.

हायब्रिड विटारा हा वेगळाच प्राणी आहे. तीन सिलिंडरचं १४९० सीसीचं इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून ११६ पीएस, सोबत ई-सीव्हीटी हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. शहरातल्या रांगांमध्ये इंजिन बराच वेळ बंदच राहतं, आणि हायब्रिडचा खरा फायदा तिथेच होतो. पण बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. लांब चढावर ती उतरते आणि मग इंजिन एकसुरात घोंघावत राहतं. लांब उतारावर ती चटकन भरते आणि त्यानंतर ब्रेकिंगसाठी इंजिन फिरवलं जातं, त्याचाही आवाज येतो. दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत, बिघाड नव्हे. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे.

पैशाचा हिशेब तुमच्या आकड्यांवर करून पाहू. पुण्यातल्या गर्दीत साधं ऑटोमॅटिक १३ आणि हायब्रिड २१ देतं असं धरा, पेट्रोल १०५ रुपये लिटर. ६०० किलोमीटरला एकीला ४६ लिटर लागतात, दुसरीला साडेअठ्ठावीस. महिन्याला वाचले साधारण १,८५० रुपये. त्याच दर्जाच्या साध्या विटारापेक्षा हायब्रिडसाठी ३ लाख जास्त मोजावे लागत असतील तर ते फिटायला साडेतेरा वर्षं लागतील. हेच रोज हिंजवडीला जाऊन महिन्याला १,८०० किलोमीटर होत असते तर बचत साडेपाच हजारांवर गेली असती आणि पैसे साडेचार वर्षांत फिटले असते. तेव्हा मी डोळे मिटून हायब्रिड म्हटलं असतं. तुमच्या हातातल्या कोटेशनमधला खरा फरक घालून हा भागाकार पुन्हा करा.

सीएनजीचा विचार डोक्यात असेल तर तो कोकणच्या फेऱ्यांशी जुळत नाही. दोन्ही गाड्यांत सिलिंडर डिकीत बसतो आणि सामानाला जवळपास काही उरत नाही. शिवाय ताकद ८८ पीएसवर येते, म्हणून भरल्या गाडीने घाट पेट्रोलवरच चढलेला बरा. दर ३ वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या. सीएनजी हवाच असेल तर मारुतीच्याच व्हिक्टोरिसमध्ये सिलिंडर गाडीच्या पोटाखाली दिला आहे आणि डिकी मोकळी राहते, ती पाहा.

चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे कर कमी, असं तुम्ही प्रश्नात म्हटलं आहे. ते ब्रेझाला लागू नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी मिळायला दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत. ब्रेझा लांबीत बसते, इंजिनात नाही. म्हणून तिलाही विटाराइतकाच ४० टक्के कर लागतो. टाटाच्या ११९९ सीसीच्या नेक्सॉनला मात्र १८ टक्क्यांचा लाभ मिळतो, त्यामुळे नुसत्या किमतीवरच ठरवायचं असेल तर तीही एकदा चालवून पाहायला हवी.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के. ब्रेझाची खालची मॉडेल पहिल्या टप्प्यात येतात. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर) घेतात. तो खर्च नव्हे; आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करून घ्या, पुष्कळ लोक विसरतात. थर्ड पार्टी विमा दोघींचा सारखाच, कारण दोघींची इंजिनं १५०० सीसीच्या आत आहेत. टायरमध्ये फरक आहे : ब्रेझाला २१५/६० आर १६, विटाराला २१५/६० आर १७. रुंदी तीच, पण १७ इंची टायर महाग पडतो आणि लहान गावात पटकन मिळेलच असं नाही.

आता पार्किंग, कारण गाडी आयुष्यातला बराचसा वेळ तिथेच उभी असते. टेप घेऊन खाली जा. लांबी खांबापासून भिंतीपर्यंत मोजा, शेजाऱ्याची दुचाकी जिथे उभी राहते ती जागा सोडून. ४.७ मीटरमध्ये विटारा उभी केलीत तर पुढे-मागे मिळून ३५ सेंटिमीटर उरतात. गाडी मावेल, पण डिकी उघडून सामान काढायला माणूस मागे उभा राहू शकणार नाही. दर वेळी गाडी बाहेर काढावी लागेल. ब्रेझात ७० सेंटिमीटर उरतात, नाक भिंतीला नेऊन लावलं तर मागे उभं राहता येतं. रुंदी मोजताना दार उघडून आईंना उतरायला निदान ६० सेंटिमीटर लागतील असं धरा आणि खांब नेमका मागच्या दारासमोर येतो का ते बघा. यांत्रिक पार्किंग असेल तर फलकावर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिन्हींशी गाडी ताडून घ्या. उताराच्या वळणदार रॅम्पवरही आखूड गाडी एका दमात वळते. ब्रेझाच्या सर्वांत वरच्या झेडएक्सआय प्लसमध्ये ३६० अंशांचा कॅमेरा आहे. खांबांच्या जागेत तो रोज उपयोगी पडेल, पण फक्त त्यासाठी वरचं मॉडेल घ्यायला मी सांगणार नाही. रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सर यांवर भागतं.

मत बदलेल ते दोन प्रसंगी. आईंना लांबच्या प्रवासात पाठीचा त्रास असेल आणि पार्किंग पाच मीटरच्या वर असेल, तर साधी विटारा ऑटोमॅटिक घ्या, मागची पाठ कलवता येते तेवढ्यासाठीसुद्धा. आणि सहावं माणूस नेहमी सोबत येणार असेल तर या दोन्ही सोडा. एर्टिगा किंवा कॅरेन्स या तीन रांगांच्या गाड्यांकडे जा. पाचांच्या गाडीत सहा जण बसवून मूल मांडीवर घेऊन घाट चढणं धोक्याचं आहे.

ऑल-व्हील ड्राइव्हची विटारा पावसाळ्यासाठी घ्यावी का, असंही तुम्ही विचारलं होतं. पावसातल्या डांबरी घाटासाठी नको. ओल्या रस्त्यावर गाडी थांबते ती टायरवर, चारही चाकं ओढत असली तरी ब्रेकचं अंतर कमी होत नाही. गावातल्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता चिखलाचा, चढाचा असेल तरच तिचा विचार करा.

चाचणी घेताना शोरूमभोवतीची चक्कर पुरेशी नाही. पाचही जणांना बसवा, एसी लावा आणि कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत न्यायला सांगा. चढावर थांबून पुन्हा निघून पाहा. मागच्या मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याला टेकण आहे का ते तपासा, विशेषतः २०२२-२३ मधली वापरलेली गाडी बघत असाल तर. बूस्टर सीट सोबत न्या आणि ती ठेवल्यावर शेजारच्या पट्ट्याचं बक्कल हाताला लागतं का ते पाहा. बऱ्याचदा ते सीटखाली दबतं, मोठा मुलगा वैतागतो आणि पट्टा न लावताच बसतो. तसं झालं तर बूस्टर दाराकडे सरकवून पुन्हा लावून पाहा किंवा कमी रुंदीची बूस्टर घ्या.