एका डबीसाठी गाडी काढायची नाही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री तीनदा वाचला. रविवारी जळगावहून 212 किलोमीटर मोटारसायकल हाणलीस, लळिंगच्या बाजूला भर उन्हात दीड तास दगड उचलून पाहिलेस, डबी काही सापडली नाही, आणि आता पगाराला अकरा दिवस असताना खिशात सातशे रुपये उरलेत. वर विचारतोस, "सर, जिओकॅशिंग सोडून देऊ, की हप्त्यावर जुनी कार घेऊ?"

दोन्ही नको. कुणी लपवलेली डबी जीपीएसने शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि संकेतस्थळावर नोंद टाकायची, हा छंद सोडू नकोस आणि कारचं तर नावही काढू नकोस. फक्त एक गोष्ट मनात पक्की कर: एका डबीसाठी गाडी काढायची नाही.

आता रागावतो. संकेतस्थळावर त्या डबीच्या नावाखालच्या शेवटच्या नोंदी निघण्याआधी वाचल्यास का? मी काल वाचल्या. ओळीने तिघांनी "सापडली नाही" लिहिलंय, आणि तिन्ही नोंदी पावसाळ्यानंतरच्या आहेत. डबी वाहून गेली असणार, नाहीतर गुराख्याच्या पोराच्या हाती लागली असणार. ठेवणाऱ्याला आधी एक निरोप टाकला असतास तर तुझे साडेचारशे रुपये वाचले असते. मोटारसायकल लिटरला पन्नास देते, म्हणजे सव्वाचार लिटर. पेट्रोल साधारण 105 रुपये धरून हिशेब तूच कर. आणि तुझी स्वतःची "सापडली नाही" ही नोंद कुठे आहे? लाज वाटली म्हणून टाकली नाहीस ना? ती आजच टाक. नाहीतर पुढचा पोरगा तुझ्यासारखाच पेट्रोल जाळत तिथे जाईल.

हा छंद जन्मला तिकडे अमेरिकेत. 2 मे 2000 ला तिथल्या सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाचं यंत्र एकाएकी नेमकी जागा दाखवायला लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हे सगळं सुरू झालं. दोन डबे एकमेकांपासून निदान 161 मीटर दूर हवेत असा नियम पुढे करावा लागला, यावरून तिकडे डब्यांची दाटी किती असेल ते समज. तिकडचा माणूस गाडी एका जागी लावतो आणि दिवसभर पायी फिरून दहा-वीस डबे उघडतो. आपल्याकडे एका डबीपासून दुसरीपर्यंत अख्खा तालुका ओलांडावा लागतो. त्यांच्या मोजणीची हौस आपण उचलली तर ती आपल्या टाकीतूनच वसूल होते. म्हणून म्हणतो, एका डबीसाठी गाडी काढायची नाही.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. घरच्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

2014 चा डिसेंबर. रात्री साडेनऊला फोन वाजला: चाळीसगावच्या पुढे, कन्नड घाटाच्या अलीकडे नवी डबी. पहिली सही आपली पाहिजे, या एका वेडाने मी ताटावरून उठलो. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. माझी जुनी कार लिटरला चौदा द्यायची. पाऊण वाजता बॅटरीच्या उजेडात बाभळीच्या मुळाशी हात घातला. काळी प्लॅस्टिकची डबी, आत गुंडाळलेला कागद, कोरा. मी सही केली, तारीख घातली आणि दोन मिनिटं तिथेच उकिडवा बसून राहिलो. खूप आनंद झाला होता, ते नाकारत नाही. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरलं, साडेबाराशे रुपये.

पहाटे घरी आलो आणि किल्ली ठेवायला गेलो, तर किल्लीच्या खिळ्याला शाळेची चिठ्ठी टोचलेली. मुलीची अजिंठ्याची सहल, नऊशे रुपये, शेवटची तारीख आजची. बायकोने ती तिथे मुद्दाम लावली होती, कारण माझा हात दिवसातून चार वेळा तिथेच जातो हे तिला माहीत होतं. त्या महिन्यात पैसे उरले नव्हते. मुलगी काही बोलली नाही. सहल निघाली त्या दिवशी तिने घरी बसून माझ्या वर्गाचे भूगोलाचे नकाशे रंगवून दिले. पुढे आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो, पण ती सहल तिच्या मैत्रिणींबरोबरची होती. ती कुठून आणून देणार?

त्या आठवड्यात वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटचा रकाना "आणखी कोणतं काम". तो रकाना रिकामा असेल तर गाडी निघत नाही. मागे जाऊन जुने आकडेही भरले, तेव्हा कळलं की आठ वर्षं मी धुळ्याला जाताना पारोळ्यातून गेलो आणि किल्ल्यात पाऊल टाकलं नव्हतं. कारण तिथे माझ्या यादीतली डबी नव्हती.

काहीजण म्हणतात, सरांनी एवढी वर्षं पैसा उधळलाच. हे मला मान्य नाही. या डब्यांच्या मागे लागून मी खान्देश पायाखाली घातला. साक्री-नंदुरबारकडे बसाल्टच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात ना, लाव्हा भेगांमध्ये गोठून झालेल्या, त्या मी पुस्तकात शिकवत होतो पण हात लावून पाहिल्या त्या याच छंदामुळे. वर्गातल्या पोरांना मग वेगळं शिकवता आलं. त्या पेट्रोलचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कन्नड घाटाच्या पेट्रोलचं, आणि त्यासारख्या वहीतल्या आणखी एकोणीस ओळींचं.

तुझ्या हातात आत्ता काय आहे ते बघ. तू भुसावळ-जळगाव ये-जा करतोस, महिन्यातून एकदा मामाकडे शहाद्याला जातोस. त्या दोन वाटांवरचं आणि वाटेपासून दोन कोस आतलं सगळं आधी संपव. शहाद्याला गेलास की तोरणमाळ जवळ आहे, पण तेही दोघे-तिघे असाल तर. वर्गणी निघण्याआधी गोळा करायची, परत आल्यावर कुणी देत नाही. फोनमधला बाण हवाई अंतर दाखवतो हेही विसरू नकोस. तापीच्या पलीकडची डबी सहा किलोमीटर दिसते आणि पुलाला वळसा घालून तीस होतात.

आणि ज्यात डबीच नसते असाही एक प्रकार आहे, जागेचा खडक-पाणी पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. 2004 पासून तो चालू आहे. उनपदेवचं गरम पाणी त्यासाठीच केल्यासारखं आहे. तू भूगोलाचा पदवीधर, असा एक तूच का तयार करत नाहीस? डबी ठेवायची असेल तर मात्र जागामालकाला विचारून, आणि जिथे तू पायी किंवा सायकलवर जाऊन ती सांभाळू शकशील तिथेच. ठेवणाऱ्यालाही पेट्रोल लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

कारचा विचार डोक्यातून काढलास का? काढ. तुझ्या मोटारसायकलला पन्नास पडतं असं तू म्हणतोस, पण कधी मोजलंस? टाकी काठोकाठ भर, किलोमीटर लिहून घे, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भर. चाकांतली हवा सकाळी गाडी थंड असताना तपास. हे सगळं दुय्यम आहे. मुख्य ते वर सांगितलं, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: एका डबीसाठी गाडी काढायची नाही.

येत्या रविवारी मला अमळनेरला भाचीकडे जायचंय. सकाळच्या सुरतकडच्या गाडीने जाणार आहे. स्टेशनपासून बोरी नदीच्या काठाने चालत दोन जागा बघून ठेवल्यात. तिकीट तू तुझं काढ, कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्याकडे. येताना एक वही आण, मागच्या तीन महिन्यांचे आकडे भरून. आठवत नसतील तर पंपाच्या पावत्या शोध. त्यांची शाई उडत चालली असेल, म्हणून आजच रात्री उतरवून घे.

तुझा,
सर