टीम मोकळी सोडताना

नवीन मॅनेजर झालास, आणि पहिल्याच आठवड्यात ‘आजपासून इथे बॉस कोणी नाही’ असं जाहीर करणार आहेस म्हणे. जरा थांब. बॉस उठला की त्या खुर्चीत सगळ्यात मोठ्याने बोलणारा जाऊन बसतो, आणि त्याला जाब विचारायचीही सोय नसते.

नेदरलँड्समधली ब्यूर्टझॉर्ग बघ, घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था. योस द ब्लोक या नर्सने २००६ मध्ये सुरू केली. टीममध्ये जास्तीत जास्त १२ जण, वर मॅनेजर नाही. कोणत्या रुग्णाकडे कोण जाणार, नवीन माणूस कोण घ्यायचा, सगळं टीमच ठरवते. अडलं तर कोच असतो, पण हुकूम देत नाही. लोक इथपर्यंतच वाचतात! टीमचा आकार ठरलेला असतो, रुग्णसेवेच्या तासांचा हिशेब टीमसमोर असतो, आणि पगार-बिलं मध्यवर्ती ऑफिस बघतं, हे कुणी सांगत नाही.

तू सुरुवात छोटी कर. रजांचा तक्ता टीमच्या हवाली कर. दिवाळीवरून वाजेल, मध्ये पडू नकोस, ‘किमान दोघं हजर’ एवढीच अट धर. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या उभ्याउभ्या छोट्या मीटिंगला, सगळे तुझ्याकडे बघून बोलतात ना? मग मागे भिंतीशी उभा राहा. बॅकअप, सुरक्षा यांत मात्र प्रयोग नकोत, तिथे चेकलिस्टच बरी. आणि टीमचा निर्णय पटला नाही, पण नुकसान भरून निघण्यासारखं असेल, तर तो फिरवू नकोस. एकदा फिरवलास की पुढच्या वेळी साध्या रजेसाठीही सगळे तुझ्याच टेबलाशी रांग लावतील.