फळांची अ‍ॅलर्जी रक्त तपासून कळते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, आंबा खाल्ला की ओठांभोवती पुरळ येतं, केळं किंवा किवी खाल्लं की लगेच "घशात टोचतंय" म्हणतो, आणि आता ओळखीतलं कुणीतरी दोनशे पदार्थांचं फूड अ‍ॅलर्जी पॅनल करून घ्या म्हणून मागे लागलंय. मी रत्नागिरीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण ही सॅम्पल्स आणि हे रिपोर्ट हातातून जातात म्हणून आधीच सांगते, ते दोनशेवालं करू नका. टेस्ट करायची तर ज्या दोन-तीन फळांवर संशय आहे तेवढ्यांचीच करा, आणि तीसुद्धा डॉक्टरांनी सगळी हकीकत नीट ऐकून घेतल्यावर.

आता का ते सांगते. अशी मोठमोठी पॅकेजेस असतात ना, त्यातली बरीच आयजीजी मोजतात, ती एक अँटिबॉडी, म्हणजे शरीर बाहेरच्या पदार्थांविरुद्ध रक्तात बनवतं ते प्रथिन, आणि आयजीजी म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालीय एवढंच, तुमचा मुलगा रोज पोळी खातो तर गव्हाचं आयजीजी येणारच, त्यात आजार कसला? युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की फूड अ‍ॅलर्जी ओळखायला ही टेस्ट वापरू नका. तरी लोक रंगीत रिपोर्ट घेऊन येतात, लाल रंगात दूध, गहू, केळं, पेरू, आणि घरात मुलाचं सगळं बंद केलेलं असतं. वाढत्या वयातल्या पोराचं असं करणं मला खरंच बघवत नाही. त्यामुळे पैसे भरायच्या आधी विचारा, आयजीई (खरी अ‍ॅलर्जी घडवणारी अँटिबॉडी) आहे की आयजीजी. जीजी म्हणाले की उठून या.

कामाची टेस्ट ती स्पेसिफिक आयजीई. त्यात काय होतं, तर एका इवल्याशा कपात स्पंजसारखा पदार्थ असतो, त्यावर केळ्यातली प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. त्यावर तुमच्या मुलाच्या रक्ताचं सिरम, म्हणजे गोठलेला भाग काढून वर राहिलेलं पिवळसर पाणी, घालतात, सिरममध्ये केळ्याविरुद्धचं आयजीई असेल तर ते तिथे जाऊन चिकटतं, बाकीचं धुऊन निघतं, मग दुसरं एक रसायन घालून जे चिकटलं ते मशीन मोजतं. प्रत्येक फळाचा कप वेगळा. रिपोर्टवर आकडा येतो, पूर्वापार ०.३५ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात, आणि काही रिपोर्टवर शून्य ते सहा असा क्लास पण छापलेला असतो.

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. क्लास ४ आला म्हणजे रिअ‍ॅक्शन भयंकर येणार आणि क्लास १ म्हणजे किरकोळ, असं अजिबात नाही. आकडा वाढला की अ‍ॅलर्जी खरी असण्याची शक्यता वाढते, रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल ते आकडा सांगत नाही. आणि नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जीही नाही, फळ मजेत खाणाऱ्यांचंही पॉझिटिव्ह येतं. एक्झिमावाल्या (इसब असलेल्या) मुलांचं एकूण आयजीईच मुळात इतकं वाढलेलं असतं की जे टाकाल ते थोडं थोडं पॉझिटिव्ह दिसतं. कधी तर आयजीई फळातल्या प्रथिनांना चिकटलेलं नसतंच, त्यावरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटलेलं असतं, गवताच्या परागकणांवरही तशाच साखळ्या असतात, आणि त्याने शक्यतो कुणाला त्रास होत नाही. म्हणून दोनशे पदार्थ टाकले की काही ना काही लागणारच, आणि तुम्ही नसत्या काळजीत पडणार.

उलटंही होतं बरं का. टेस्ट निगेटिव्ह, पण पोराला त्रास खरा. फळांची काही प्रथिनं फार नाजूक असतात, अर्क बनवेपर्यंतच ती मोडतात, मग कपात ती नसतातच. म्हणून अ‍ॅलर्जीचे डॉक्टर फळांसाठी ताज्या फळाची प्रिक टेस्ट करतात, म्हणजे सुई आधी खऱ्या केळ्यात टोचायची आणि मग हातावर, पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का बघायची. जे फळ खाऊन त्रास झाला तेच घरून घेऊन जायला सांगतात. आणि शेवटी शंका राहिलीच तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला देऊन बघतात, पक्कं उत्तर तेच. हे घरी करून बघू नका, प्लीज.

आता तुमच्या मुलाच्या फळांबद्दल, कारण केळं आणि किवी ही जोडी एकत्र आली की मला लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या, अ‍ॅलर्जीची शंका येते. रबराच्या चिकातली काही प्रथिनं आणि केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो, पपई यांतली प्रथिनं मिळतीजुळती असतात. त्याला आठवण करून विचारा, फुगा फुगवल्यावर ओठ सुजले होते का, दातांच्या डॉक्टरांनी ग्लोव्हज घालून तोंडात हात घातल्यावर काही झालं होतं का. असेल तर फळांबरोबर लेटेक्सचं आयजीईही करायला डॉक्टरांना सुचवा, कारण पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी. परागकणांमुळेही असं होतं. माझी भाची जर्मनीत शिकायला आहे, ती इथे असताना सफरचंदं खायची, तिकडे दोन-तीन वसंत काढल्यावर कच्चं सफरचंद खाल्लं की तोंडाला खाज, शिजवलेलं मात्र चालतं. तिकडे बर्च नावाच्या झाडांचे परागकण असतात, त्यांच्यातलं आणि सफरचंदातलं एक प्रथिन जवळपास सारखं असतं, आणि ते उष्णतेने मोडतं.

आंब्याचं प्रकरण मात्र वेगळं असू शकतं, आणि ते तुमच्या रक्ताच्या टेस्टमध्ये दिसणारच नाही. आंबा, काजू, बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडं. इथे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघालेली असतात, ती त्या टरफलातल्या तेलाने. बिब्बा उततो तोही त्यातलाच प्रकार. आंब्याच्या देठाच्या चिकात आणि सालीतही तसलीच द्रव्यं असतात, पोरं साल दातांनी ओढून आंबा चोखतात आणि नेमकं ओठांभोवती उततं, बरेचदा एक-दोन दिवसांनी, खाज, बारीक फोड असं. यात आयजीईचा संबंध नसतो, दुसऱ्याच पेशींचं काम, त्यासाठी लागली तर पॅच टेस्ट असते, म्हणजे पाठीवर पट्टी चिकटवून दोन-तीन दिवसांनी बघतात ती. म्हणून पुरळ कधी येतं ते नीट लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी येत असेल तर चीक, आणि खाल्ल्या खाल्ल्या मिनिटांत गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर ती खरी आयजीईवाली अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवेपर्यंत आंबा बंद. चिकाचं निघालं तर आंबा धुऊन, साल जाड काढून, फोडी करून काट्याने द्यायला चालतं का ते डॉक्टरांना विचारा, पुष्कळ मुलांना तसं चालतं. नाहीतर उगाच कोकणातल्या पोराचा आंबा सुटायचा.

एक गोष्ट टेस्टची वाट न बघता लक्षात ठेवा. नुसती घशात खाज आणि थोड्या वेळात बरं, हे वेगळं. आवाज बसला, खोकला-धाप लागली, अंगभर पित्त उठून उलट्या झाल्या, गळून गेला, यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, जीव त्याने वाचतो. घरातली सेट्रिझिनची (अ‍ॅलर्जीची) गोळी देऊन बसून राहायचं नाही.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय उपाशीपोटी न्यायचं का, तर नाही, खाऊन-पिऊन आणा. अ‍ॅलर्जीची गोळी चालू असली तरी रक्ताच्या टेस्टला बंद करायची गरज नाही, हातावरच्या प्रिक टेस्टला मात्र काही दिवस आधी बंद करावी लागते, किती ते डॉक्टर सांगतील. चिठ्ठीवर "स्पेसिफिक आयजीई" आणि पुढे फळांची नावं लिहून आणा, नुसतं "अ‍ॅलर्जी टेस्ट" लिहिलेलं असलं की काउंटरवर पॅकेजच गळ्यात पडतं.