चिनी कायद्यावर एलएल.एम.चा प्रबंध करायचाय. इंग्रजी अनुवादांवर भागेल का, की चिनी भाषा शिकावीच लागेल?

शिकावीच लागेल. जेरोम कोहेन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी चिनी भाषेचा श्रीगणेशा केला. चीनची दारं बंद होती, म्हणून हाँगकाँगमध्ये बसून तिकडून आलेल्या निर्वासितांना विचारून विचारून त्यांनी तिथली फौजदारी पद्धत मांडली.

पण तुमचा प्रश्न वाचून मला माझी विषय मंजुरीची बैठकच आठवली. मी सुन झिगांग प्रकरण निवडलं होतं. गाइड सरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "अहो मॅडम, तिथे कायदाच नाही, तर अभ्यास कशाचा करणार? युरोपियन युनियन घ्या." मी गप्प बसले. ते अजून सलतं.

तेव्हा राहिलं ते आता सांगते. सुन झिगांग २७ वर्षांचा डिझायनर, ग्वांगचौमध्ये नोकरीला. मार्च २००३ मध्ये तात्पुरत्या रहिवासाचा परवाना जवळ नव्हता म्हणून पोलिसांनी उचलला. तीन दिवसांत कोठडीतल्या मारहाणीने मेला. असं धरून परत गावी धाडायची मुभा १९८२ च्या एका नियमावलीने दिली होती. त्या मे महिन्यात शू झियोंग, तेंग बियाओ आणि यू ज्यांग या कायद्याच्या तीन तरुण अभ्यासकांनी संसदेच्या स्थायी समितीला पत्र लिहिलं. मुद्दा एकच: माणसाचं स्वातंत्र्य हिरावायचं तर संसदेने केलेला 'फाल्यू' लागतो, आणि ही नियमावली मंत्रिमंडळाची, म्हणजे 'फाग्वे'. हा फरक चीनच्याच २००० च्या विधिनिर्मिती कायद्यात लिहिलेला आहे, आणि असं पत्र लिहायचा नागरिकाचा हक्कही. इंग्रजी बातम्यांत मात्र दोन्ही सरसकट 'चिनी कायदा' होतात. अख्खा युक्तिवाद तिथेच गळून पडतो! जूनमध्ये मंत्रिमंडळाने ती नियमावली रद्द केली.

जिथे कायदाच नाही तिथे हे कसं घडलं, सर?

एक मात्र कबूल करायला हवं. स्थायी समितीने त्या पत्रावर उघड निर्णय दिलाच नाही. मंत्रिमंडळाने आपणहून माघार घेतली आणि नियम घटनेत बसतो का हे तपासायचा पायंडा पडला नाही. तेंग बियाओ आज अमेरिकेत आहेत. शू झियोंग यांना २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. हे ऐकून सर म्हणतील, बघा, मी म्हणत होतो. मी म्हणेन, कायद्याच्या अभ्यासकाचं लिखाण ज्या सरकारला इतकं टोचतं, तिथला कायदा तर जास्तच नीट वाचायला हवा.

भाषेला दोन-तीन वर्षं धरा. तोवर कंपनी कायद्यासारखा विषय इंग्रजीतून रेटता येईल, फौजदारी नाही. आणि मंजुरीच्या बैठकीत कुणी "तिथे कायदाच नाही" म्हणालं, तर १९८२ ची नियमावली आणि २००० चा कायदा शेजारी शेजारी ठेवून दाखवा. माझ्या फाइलमध्ये दोन्ही होते. मी ती मिटून उठले.